खासगी विमानातील सदोष एव्हिऑनिक्स-काम : दायित्वाचा विचार

खासगी विमानाच्या एव्हिऑनिक्सच्या कामात दोष राहिला, तर त्या दोषाचे दायित्व कोणाच्या शिरावर येते, हा प्रश्न उदगीरसारख्या गावी बसून मांडणे काहींस अप्रस्तुत वाटेल. उदगीरला विमानतळ नाही. परंतु लातूर व नांदेड येथे धावपट्ट्या आहेत, सीमेपलीकडे बिदरला वायुदलाचा प्रशिक्षणतळ आहे, आणि निवडणुकीच्या हंगामात हेलिकॉप्टरे तालुक्याच्या गावापर्यंत येऊन उतरतात. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर उड्डाण घेताच खाली आले आणि विजेच्या तारांत सापडून कोसळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. ते हेलिकॉप्टर राज्य शासनाचे होते, खासगी नव्हते. आणि तो अपघात सदोष एव्हिऑनिक्सचे उदाहरण म्हणूनही येथे घेतलेला नाही. असा प्रसंग घडला की लोक "चूक कोणाची?" असे विचारतात आणि उत्तर एका नावाच्या रूपात मागतात, एवढ्यासाठीच त्याचा उल्लेख केला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या विषयात एका नावाचे उत्तर बहुधा चुकीचे असते. दायित्व अनेकांत विभागलेले असते, आणि ती विभागणी कशी झाली हे कोणाच्या स्मरणावरून नव्हे, तर कामाच्या नोंदीवरून ठरते.

विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेस एव्हिऑनिक्स म्हणतात. संदेशवहनाचे रेडिओ, दिशादर्शनाची साधने, उंची व वेग दाखविणारी यंत्रे, ऑटोपायलट, ट्रान्सपाँडर, हवामान-रडार आणि या सर्वांस जोडणारे वायरिंग एवढा पसारा तीत येतो. इंजिनाच्या कामातील दोष पुष्कळदा स्वतःच वर्दी देतो. तेल गळते, आवाज बदलतो, गाळणीत धातूचा कीस सापडतो. एव्हिऑनिक्समधील दोष मुका असतो. क्रिम्पिंग नीट न झालेली तार जमिनीवर शंभर वेळा वीज नेते आणि वर गेल्यावर थंडीने वा कंपाने एकदाच दगा देते. यंत्र काढून कार्यशाळेत तपासावे तर ते निर्दोष ठरते आणि "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लागून परत येते. होकायंत्राचा संवेदक बसविताना जवळ लोखंडी स्क्रू वापरला, किंवा त्याच्या शेजारून जास्त प्रवाहाची तार नेली, तर दिशा काही अंशांनी चुकते. पडद्यावरचा आकडा मात्र ठळक आणि स्वच्छ दिसत राहतो. बंद पडलेले यंत्र वैमानिकास सावध तरी करते. खोटे सांगणारे यंत्र तेही करीत नाही.

पुढील विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका उद्योगसंस्थेचे, दाबयुक्त केबिन असलेले दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप विमान आहे. त्यात नवा ट्रान्सपाँडर व त्याला उंचीची माहिती पुरविणारे यंत्र बसविण्याचे काम संस्थेने मुंबईच्या एका कार्यशाळेस दिले. विमानाच्या अंगावर बाहेरच्या हवेचा दाब घेणारी बारीक छिद्रे असतात. तेथून नळ्यांद्वारे तो दाब उंचीमापकापर्यंत पोहोचतो. यास स्टॅटिक प्रणाली म्हणतात. नवे यंत्र बसविताना ही नळी एके ठिकाणी उघडावी लागली. काम झाल्यावर जोड पुरता आवळला गेला नाही. नळी उघडली की गळती-चाचणी करणे हे देखभाल-पुस्तिकेप्रमाणे आवश्यक असते. ती केली गेली नाही, परंतु "जोडणी केली, चाचणी समाधानकारक" अशी नोंद मात्र झाली.

या सैल जोडाचा परिणाम मोठा विलक्षण असतो. विमान जमिनीवर असताना केबिनमधील आणि बाहेरील दाब सारखाच असतो. म्हणून गळती असूनही उंचीमापक अचूक आकडा दाखवितो. विमान वर जाऊ लागले की बाहेरचा दाब उतरतो, केबिनमधला मात्र यंत्रणेने राखलेला असतो. केबिनमधील जास्त दाबाची हवा सैल जोडातून नळीत शिरते, आणि यंत्र समजते की आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत. उंची व केबिनच्या दाबातील फरक जसा वाढेल तशी चूक वाढते. पुन्हा उतरावे तर चूक आपोआप नाहीशी होते. त्यात भर म्हणजे ट्रान्सपाँडरलाही हीच नळी माहिती पुरवीत असेल, तर चुकीची उंची रेडिओवाटे जमिनीवरील नियंत्रकाकडे आणि आसपासच्या विमानांतील टक्करप्रतिबंधक यंत्रणेकडेही जाते. वैमानिकाचा आकडा आणि नियंत्रकाचा आकडा जुळतात, आणि दोन्ही खोटे असतात.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबिया व कझाकस्तान यांची दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघाताचे कारण सदोष एव्हिऑनिक्स नव्हते. परंतु त्यानंतर भारतीय आकाशात उंची कळविणारे ट्रान्सपाँडर आणि टक्करप्रतिबंधक यंत्रणा यांवर भर देण्यात आला. टक्करप्रतिबंधक यंत्रणा समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरने दिलेल्या उत्तरावर विसंबून असते. तेव्हा एका खासगी विमानातील सैल जोड हा केवळ त्याच्या मालकाचा खासगी प्रश्न उरत नाही. शेजारून जाणाऱ्या विमानातील अनोळखी प्रवाशांचा जीवही त्याच्याशी बांधला जातो.

आता या उदाहरणात दायित्व कोणाचे? नियमांची भाषा येथे पुष्कळ स्पष्ट आहे, पण ती सावकाश वाचावी लागते. आपल्याकडील विमानविषयक मूळ कायदा १९३४ चा. त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. देखभालीची प्रत्यक्ष चौकट १९३७ ची विमान नियमावली आणि तिच्या आधारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढलेल्या आवश्यकता यांतून घडलेली आहे. त्यांत सीएआर-एम, सीएआर-१४५ व सीएआर-६६ असे भाग असून त्यांचा साचा युरोपीय नियमांवरून घेतलेला आहे. सीएआर-एम हा विमान सतत उड्डाणयोग्य राखण्याविषयी, सीएआर-१४५ देखभाल-संस्थांविषयी आणि सीएआर-६६ देखभाल-इंजिनियरांच्या लायसन्सविषयी आहे.

सीएआर-एममध्ये उड्डाणयोग्यतेची जबाबदारी प्रथम मालकावर टाकली आहे. विमान भाडेपट्ट्याने दिले असून करारात तशी नोंद असेल तर ती भाडेपट्टेदारावर जाते. त्याच जागी पुढे असे म्हटले आहे की, देखभालीचे काम करणारी व्यक्ती वा संस्था आपण केलेल्या कामास जबाबदार राहील, आणि उड्डाणपूर्व तपासणी नीट पार पाडण्याची जबाबदारी वैमानिकाची अथवा चालक-संस्थेची राहील. ही तीन वाक्ये एकत्र ठेवली की गैरसमजाचे मूळ सापडते. कार्यशाळेचे दायित्व कामापुरते आहे, विमानापुरते नव्हे. मालकाचे दायित्व विमानाचे आहे. विमान कार्यशाळेच्या स्वाधीन केले म्हणजे आपण मोकळे झालो, असे अनेक मालक समजतात. ते खरे नाही. मालकास आपला भार व्यवस्थापन-संस्थेकडे लेखी कराराने सोपविता येतो. तोंडी भरवशाने येत नाही. अमेरिकेतील नियमांतही विमान उड्डाणयोग्य राखण्याची प्रमुख जबाबदारी मालकावर वा चालकावरच ठेवलेली आहे, आणि तेथे उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणांसाठी स्टॅटिक प्रणाली व उंचीमापक, तसेच ट्रान्सपाँडर, यांची दर २४ महिन्यांनी तपासणी सक्तीची आहे. अशी मुदत चुकवून विमान उडविणारा मालक, कार्यशाळेने कितीही वाईट काम केले असले तरी, स्वतःच्या वाट्यातून सुटत नाही.

काम संपल्यावर विमान पुन्हा सेवेत सोडण्याचा जो दाखला दिला जातो, त्यास व्यवहारात रिलीज-दाखला म्हणतात. या दाखल्याचा अर्थ "विमान निर्दोष आहे" असा नाही. सोपविलेले काम मान्य पद्धतीने पार पाडले आहे, आणि उड्डाणाच्या सुरक्षिततेस बाधक असे काही आपल्या माहितीत नाही, एवढेच तो म्हणतो. म्हणून कामाचा आदेश कोणत्या शब्दांत दिला होता यास फार महत्त्व येते. आपल्या उदाहरणात आदेश "ट्रान्सपाँडर बसविणे" एवढाच होता. स्टॅटिक प्रणालीचा त्यात उल्लेख नव्हता. कार्यशाळा म्हणेल की चाचणी आम्हाला सांगितलीच नव्हती. हा बचाव टिकू नये. नळी कार्यशाळेनेच उघडली, आणि उघडलेली वस्तू पुस्तिकेप्रमाणे बंद करणे हा त्याच कामाचा भाग होता. याउलट, त्याच वेळी शेजारच्या जुन्या वायरिंगचे आवरण विरलेले असेल, ते कामाच्या मार्गात नसेल आणि कोणाच्या दृष्टीसही पडले नसेल, तर त्याचा भार कार्यशाळेवर घालता येणार नाही. दृष्टीस पडूनही न लिहिले असेल तर मात्र येईल. "माहितीत नाही" हे शब्द म्हणूनच निरुपद्रवी नाहीत.

दाखल्यावर सही व्यक्तीची असते, मान्यता संस्थेची असते. सही करणाऱ्याचे लायसन्स कोणत्या वर्गाचे आहे हेही पाहावे लागते. सीएआर-६६ प्रमाणे बी-१ वर्गाचा इंजिनियर सांगाडा, इंजिन व विद्युत् यंत्रणा यांवर सही करतो. बी-२ वर्गाचा विद्युत् व एव्हिऑनिक्स यंत्रणांवर. परंतु बी-१ वर्गालाही एव्हिऑनिक्सच्या अशा कामावर सही करता येते, ज्याची सिद्धता साध्या चाचणीने होते आणि ज्यात दोषशोधन करावे लागत नाही. लहान विमानांच्या कामात खरा घोळ या कुंपणावर होतो. एक पेटी काढली, तशीच दुसरी बसविली, दिवा लागला, सही झाली. पण मुळात ती पेटी का बदलावी लागली, हा दोषशोधनाचा प्रश्न होता. तो कोणी सोडविला, याची नोंद कोठेच नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते एव्हिऑनिक्सच्या वादांत सर्वांत आधी हाच धागा पकडावा : दोषाचे निदान कोणी केले आणि कोणत्या अधिकाराने केले? बसविलेल्या भागाबरोबर 'सीए फॉर्म १' किंवा त्यास समकक्ष विदेशी दाखला होता काय, हेही पाहावे. तो नसेल तर भाग उत्तम असूनही काम सदोष ठरते, कारण त्या भागाची कुळकथा सांगणारे कोणी उरत नाही.

वैमानिकाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. फेरी मारून दिसेल ते त्याने पाहावे. सैल जोड त्यास दिसणार नाही. परंतु अशा विमानात दोन्ही वैमानिकांच्या स्टॅटिक नळ्या बहुधा वेगळ्या असतात, आणि त्यामुळे दोन उंचीमापकांत वर गेल्यावर फरक पडतो. हा फरक मागील चार उड्डाणांत दिसला आणि लॉगबुकात लिहिला गेला नाही, तर वैमानिकही वाटेकरी होतो. लिहिला गेला, तरीही मालकाने पाचवे उड्डाण करविले, तर भार मालकाकडे सरकतो.

आणखी एक वाटेकरी सहसा विसरला जातो : ज्याने बदलाचा आराखडा केला तो, आणि ज्याने त्यास मंजुरी दिली तो. विमानात नवी यंत्रणा बसवावयाची तर मूळ रचनेतील त्या बदलास स्वतंत्र मान्यता लागते. याचे सर्वांत दुःखद उदाहरण प्रवासी वाहतुकीतले आहे, पण धडा खासगी विमानांसही लागू पडतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एम.डी.-११ विमान कॅनडाच्या हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळून २२९ जण मेले. विमानात नंतर बसविलेल्या करमणूक-यंत्रणेच्या वायरिंगमध्ये ठिणगी पडल्याच्या खुणा तपासात आढळल्या, आणि आग ज्वलनशील आवरणाच्या साहाय्याने पसरल्याचे दिसले. पहिली ठिणगी नेमकी याच तारेत पडली की दुसऱ्या, हे मात्र निश्चित करता आले नाही. त्या यंत्रणेची वीज अशा ठिकाणाहून घेतली होती की केबिनची वीज तोडण्याचे बटण दाबूनही ती बंद पडत नसे. तार जोडणाऱ्या मेकॅनिकने मंजूर आराखड्याप्रमाणेच काम केले होते असे धरले, तरी दोष आराखड्यातच होता. अशा वेळी हातकाम उत्तम आणि नोंद चोख असूनही काम सदोष असू शकते, आणि दायित्व हँगरमधून उठून आराखडा करणाऱ्याच्या व मंजुरी देणाऱ्याच्या टेबलापाशी जाते.

येथवर उड्डाणयोग्यतेच्या नियमांतील जबाबदारी पाहिली. तिची शिक्षा म्हणजे लायसन्स वा मान्यता निलंबित होणे. नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे आणि त्याचे उत्तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात शोधावे लागते. विमान दुरुस्तीस देणे हा कायद्याच्या भाषेत बेलमेंटचा व्यवहार होय : वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची आणि हेतू पुरा झाल्यावर ती परत घ्यावयाची. कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी स्वीकारणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १५२ मध्ये "विशेष करार नसेल तर" असे शब्द आहेत. कार्यशाळांच्या छापील कागदांवर दायित्व मर्यादित करणारी जी बारीक अक्षरांतील वाक्ये असतात त्यांचा आधार या शब्दांत शोधला जातो. अशा वाक्यांनी कलम १५१ चा किमान दर्जा खाली आणता येतो काय, याविषयी मात्र मतभिन्नता आढळते. कलम १७० प्रमाणे, कौशल्याचे काम पुरे केलेल्या कारागिरास आपली मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. काम सदोष असल्याची तक्रार करणारा मालक आणि बिलासाठी विमान अडविणारी कार्यशाळा अशी झुंज या कलमाभोवतीच चालते.

याच प्रकरणातील कलम १५० कडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. वस्तू देणाऱ्यास तिच्यातील जो दोष ठाऊक असेल आणि ज्यामुळे घेणाऱ्यास असाधारण धोका पोहोचेल, तो त्याने उघड केला पाहिजे, असे ते सांगते. कायद्याने दिलेले उदाहरण घोड्याचे आहे : घोडा उधळ्या आहे हे ठाऊक असून न सांगता दिला, तो उधळला आणि घेणारा पडून जखमी झाला, तर देणारा जबाबदार. देवणी बैलांच्या आपल्या मुलखात हे तत्त्व कोणास नव्याने शिकवावे लागणार नाही. बैलाची खोड लपवून तो दुसऱ्याच्या दावणीला बांधणाऱ्यास बाजारात काय म्हणतात हे सर्वांस माहीत आहे. विमानाच्या बाबतीत मात्र मालक जुना दोष लपवितो तो पुष्कळदा विक्रीच्या किमतीसाठी, आणि चाचणी-उड्डाणात त्या विमानात बसतो तो दुरुस्ती करणारा इंजिनियर.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याचा आश्रय मिळेल काय? सेवा "व्यापारी प्रयोजना"साठी घेतली असेल तर नाही. व्यवहाराचे प्रधान प्रयोजन कोणते ते पाहावे, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात २०१९ साली सांगितली. व्यक्तीने स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेले विमान आणि कंपनीने संचालकांच्या फिरतीसाठी ठेवलेले विमान यांत म्हणून फरक पडू शकेल. त्याच अधिनियमात सदोष वस्तू व सेवा यांमुळे झालेल्या हानीची जी स्वतंत्र तरतूद आहे, तिच्यात खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा हे वगळले आहेत. तेव्हा सदोष कामामुळे रेडिओ जळाला आणि विमान तीन महिने उभे राहिले, तर मालकास करार अधिनियमाच्या कलम ७३ कडेच परतावे लागेल.

आणि तेथे मुदतीचा काटा आहे. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे करारभंगाच्या दाव्यास तीन वर्षे मिळतात, व ती मोजली जातात करारभंगापासून. दोष उघडकीस आल्यापासून नव्हे. मुक्या दोषांच्या या क्षेत्रात हा नियम फार कठोर ठरतो. सैल क्रिम्पिंग चौथ्या वर्षी तुटले, तर करारावर आधारलेला दावा बहुधा बुडालेला असतो. अपवाद कलम १७ चा : प्रतिपक्षाने लबाडीने गोष्ट लपविली असेल, तर ती कळल्यापासून मुदत सुरू होते. आपल्या उदाहरणातील "चाचणी समाधानकारक" ही न केलेल्या चाचणीची नोंद येथे वेगळेच रूप घेते. तीच नोंद कार्यशाळेचे पहिले संरक्षण असते, आणि ती खोटी ठरली तर मुदतीचे कवच फोडणारे हत्यारही तीच होते.

प्रवाशांचे काय? तिकीट काढून जाणाऱ्यास १९७२ चा हवाई वाहतूक अधिनियम आणि १९९९ चा माँट्रियल करार, ज्यात भारत २००९ साली सामील झाला, यांचा आधार आहे. तेथे ठरावीक मर्यादेपर्यंत चूक सिद्ध करावी लागत नाही. खासगी विमानातील पाहुण्यास तिकीट नसते. माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी ज्या विमानात होते, ते एका उद्योगसमूहाचे लहान विमान मैनपुरीजवळ कोसळून आठजण मेले. त्यांत पत्रकारही होते. अशा मोफत खासगी प्रवासात वारसांना सामान्यतः १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी मृत्यूपासून दोनच वर्षे मिळतात. अपघाताचा चौकशी-अहवाल यायलाही कधी कधी तितका काळ लागतो.

अहवालाविषयी एक सूचना विद्यार्थ्यांस करणे इष्ट वाटते. विमान अपघात अन्वेषण मंडळ २०१२ साली स्थापन झाले. त्याच्या अहवालांना निकालपत्र समजून त्यांतील "संभाव्य कारण" प्रबंधात दायित्वाचा पुरावा म्हणून उतरवून घेतले जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे अशा चौकशीचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये हा असतो. दोष वा दायित्व वाटून देणे हा नसतो. अहवालातून घ्यावयाच्या त्या वस्तुस्थितीच्या नोंदी : कोणते काम कधी झाले, कोणी सही केली, कोणती चाचणी राहिली.

फौजदारी दायित्वाचा विचार थोडक्यात करतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांसंबंधी सांगितले की फौजदारी गुन्ह्यास साधी नव्हे, तर ढोबळ स्वरूपाची निष्काळजी लागते. तीच कसोटी विमान-इंजिनियरास लावणे न्यायाचे होईल. जोड अर्धा फेरा कमी आवळला जाणे ही चूक आहे. न केलेली चाचणी केली म्हणून लिहिणे ही चूक नव्हे, ते कृत्य आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे बोईंग ७५७ विमान लिमाजवळ समुद्रात पडून ७० जण मेले. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. पट्टी लावणारा कामगार न्यायालयात दोषी ठरला. ज्यांनी त्याचे काम तपासायला हवे होते, आणि उड्डाणापूर्वीच्या फेरीत ज्यांच्या नजरेतून ती पट्टी निसटली, त्यांचा वाटा त्या एका कामगाराहून लहान होता असे मानणे कठीण आहे. साखळीच्या तळाशी असलेल्या मनुष्याची चूक डोळ्यांनी दिसते. वरच्यांची चूक नोंदी चाळून काढावी लागते.

आपल्या राज्यातील सर्वांत जवळचे प्रकरण घाटकोपरचे होय. २८ जून २०१८ रोजी जुहूहून एक किंग एअर सी-९० विमान दीर्घ दुरुस्तीनंतरच्या चाचणी-उड्डाणासाठी निघाले आणि परतताना घाटकोपरच्या दाट वस्तीत, एका बांधकामाच्या जागी, कोसळले. विमान पूर्वी उत्तर प्रदेश शासनाचे होते व नंतर एका खासगी कंपनीने घेतले होते. दोन वैमानिक, देखभालीचे दोघे आणि रस्त्यावरून जाणारा एक मनुष्य असे पाचजण मेले. चौकशीत खराब हवामान आणि वैमानिकांचे सुटलेले स्थितीभान यांवर बोट ठेवले गेले. तेव्हा हे प्रकरण सदोष एव्हिऑनिक्सचे म्हणून सांगता येणार नाही. परंतु दायित्वाच्या अभ्यासकास ते टाळता येत नाही, कारण या लेखातील बहुतेक सर्व पक्ष त्यात एकत्र येतात : मालक-कंपनी, दुरुस्ती-संस्था, देखभालीतील माणसे, वैमानिक, आणि ज्याचा विमानाशी काहीच संबंध नव्हता असा वाटसरू.

या वाटसरूची स्थिती आपल्या कायद्यात सर्वांत दुबळी आहे. इंग्लंडमधील १९२० च्या हवाई कायद्यात दोन गोष्टी जोडीने होत्या. वाजवी उंचीवरून विमान गेले म्हणून जमीनमालकास दावा लावता येणार नाही. पण विमानामुळे जमिनीवर नुकसान झाले, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही मालकाकडून भरपाई घेता येईल. ही जोडी तेथे १९८२ च्या कायद्यातही कायम राहिली. आपल्या १९३४ च्या अधिनियमाने कलम १७ मध्ये पहिले अर्धे घेतले आणि दुसरे सोडले. त्यामुळे जमिनीवर मेलेल्याच्या वारसास कोणाची तरी निष्काळजी सिद्ध करावी लागते. घटनाच स्वतः बोलते, या न्यायतत्त्वाचा त्यास काही आधार मिळतो, पण कोणाविरुद्ध बोलते हे त्यासच दाखवावे लागते. ते दाखविण्याची साधने म्हणजे कामाचा आदेश, कार्यपत्रे, चाचणीचे आकडे आणि रिलीज-दाखला. यांतील एकही कागद त्याच्या ताब्यात नसतो. ते सारे मालकाच्या कचेरीत, कार्यशाळेच्या कपाटात किंवा चौकशी मंडळाच्या दप्तरी असतात, आणि दोन वर्षांची मुदत मृत्यूच्या दिवसापासून धावू लागलेली असते.